गंजाची घट

भंगाराच्या धंद्यात गंजाला कोणी फारसं घाबरत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, गंजलं म्हणजे संपलं. आमच्या फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्याच्या, गेटवर ट्रक लागला की वरचा लालभडक थर पाहून नवा शिकाऊ पोरगा हमखास म्हणणार, "मॅडम, हा तर सगळा सडका माल आलाय." आमचा मेल्टर, म्हणजे भट्टी सांभाळणारा, त्या लालीकडे ढुंकूनही बघत नसे. तो फाळक्यावर चढून भलतंच काही शोधायचा. कुठे मोटरचं आर्मेचर लपलंय का, शॉकॅब्सॉर्बर आहे का, दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप आहे का, एखाद्या डब्यात पावसाचं पाणी साचलंय का. बंद पाइपातलं चमचाभर पाणी दीड हजार अंशांच्या रसात गेलं की त्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळून बाहेर येतो. गंजाचा हिशेब नंतर कागदावर होतो. याचा हिशेब जागच्या जागी, माणसाच्या अंगावर.

नाशिकच्या अंबडमधल्या त्या फाउंड्रीच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं काढली. भट्टीतून पळीभर रस काढायचा, साच्यात ओतून नाण्याएवढा नमुना करायचा, घासायचा आणि स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवायचा. कडकड आवाज करत ठिणगी पडते आणि मिनिटाच्या आत कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, क्रोमियम, तांबं, कथील अशी सगळी जंत्री स्क्रीनवर येते. भंगार कुठून आलं ते तिथे लिहिलेलं नसतं, पण सवयीने वाचता येऊ लागतं. क्रोमियम एकदम वर गेलं तर कोणीतरी बेअरिंगा टाकल्यात. माल पडताना भट्टीवर पांढरा धूर उठला तर जस्ताचा पत्रा आलाय. जस्त 907 अंशांनाच उकळतं, लोखंड वितळायची वाट बघत नाही. आणि तांबं वाढलं की समजायचं, ट्रकवर चढलेल्या माणसाची नजर आज कुठेतरी चुकली.

गंज मात्र त्या स्क्रीनवर कधी दिसला नाही. दिसणार कसा? गंज म्हणजे लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी. खाणीतून काढतात ते हेमॅटाइट म्हणजेही लोखंड आणि ऑक्सिजनच, त्यात वजनाने 70 टक्के लोखंड. अंगणात पडलेली पहार गंजते म्हणजे ती आपल्या गतीने परत खाणीच्या वाटेला लागलेली असते. पोलादाच्या मोठ्या कारखान्यात हाच ऑक्सिजन हाकलायला ढिगाने कोळसा जाळतात. 1 टन पोलाद भंगारापासून केलं तर साधारण 1.4 टन खनिज आणि 740 किलो कोळसा वाचतो, असा जागतिक पोलाद संघटनेचा हिशेब आहे.

आमच्या इंडक्शन भट्टीत ती ताकद नसते. ती विजेने वितळवते, शुद्ध करत नाही. गंजलेलं लोखंड पडलं की रसातला थोडा कार्बन गंजातल्या ऑक्सिजनशी झटापट करतो, रस खदखदतो, काही लोखंड सुटून परत येतं. बाकीचं स्लॅगमध्ये, म्हणजे रसावर तरंगणाऱ्या मळीत, जातं आणि जाता जाता भट्टीच्या आतलं सिलिकाचं अस्तर खातं. गंजातल्या ओलाव्याने कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतलेल्या भागाला, सुईएवढी भोकंही पडतात. म्हणजे गंज निरुपद्रवी आहे असं नाही. पण त्याचं नुकसान मोजता येतं आणि ते वजनात संपतं. पातळ पत्रा गंजला असेल तर घट मोठी; जाड चॅनेलवर तितकाच गंज असला तर कोणी तोंडही उघडत नाही.

मागच्या एप्रिलात अण्णाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, दिंडोरीकडची आमची जुनी थॉमसन द्राक्षांची बाग काढली. खरड छाटणीचे दिवस होते. सगळ्या शिवारात कात्र्या चालू होत्या आणि आमच्या बांधावर जेसीबी. वेली बघता बघता आडव्या झाल्या. लोखंड काढायला मात्र मजूर लावावे लागले. द्राक्षबाग लांबून हिरवी दिसते, पण तिच्या मांडवाखाली उभं राहिलं की कळतं, निम्मा पैसा लोखंडात गाडलेला आहे. ओळीने अँगल, त्यांना वरून आडवे, त्यावर ताण दिलेल्या तारा आणि टोकाला जमिनीत पुरलेले ताणाचे दगड. पंधरा वर्षांत बाग थकते, तिच्या मागोमाग मांडवही.

उपटलेला एक अँगल मी उचलून नीट पाहिला. मातीत खोल गेलेला भाग काळपट, पण घट्ट. वरचा भाग जुन्या तेलरंगाखाली शाबूत. आणि माती संपून हवा सुरू होते त्या वीतभर पट्ट्यात तो पापडासारखा झालेला. नख लावलं तर पदर सुटत होते, आतून नारिंगी भुकटी सांडत होती. ठिबकचं पाणी नेमकं तिथे पडतं, खतांचे क्षार तिथे साठतात आणि हवा तर आहेच. खोल मातीत पाणी असतं पण हवा कमी. वर हवा असते पण ओल टिकत नाही. दोघांची गाठ पडते ती त्या वीतभर जागेत. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो चिकटून बसत नाही, फुगतो आणि सुटतो, आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा उघडं पडतं. ॲल्युमिनियमवरचा थर घट्ट बसून आतल्या धातूला राखतो. लोखंडाच्या नशिबी ते नाही.

त्यात आमच्याकडच्या बागांवर मोरचुदाचा, म्हणजे तांब्याच्या क्षाराचा, मारा. डावण्या रोग यायची भीती असली की बोर्डो मारायचं हे नाशिकच्या पोराला पाढ्यांच्या आधी कळतं. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. वडील ते कधी लोखंडी पिंपात करू देत नसत, प्लॅस्टिकचाच ड्रम लागे. फवारायच्या आधी घासून लख्ख केलेला विळा त्यात बुडवून धरायचे. पात्यावर तांबूस झाक आली की "चुना कमी पडला, अजून सोड" म्हणायचे. मोकळं राहिलेलं तांबं पानंही जाळतं आणि लोखंडही खातं. लोखंड पाण्यात उतरतं, त्याच्या जागी तांबं येऊन बसतं. पुढे कॉलेजात बाईंनी हाच प्रयोग परीक्षानळीत खिळा टाकून करून दाखवला, तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांना फार नवल वाटलं होतं.

भंगारवाले चाचा छोटा हत्ती घेऊन आले. म्हातारे, पांढरी दाढी, अंबड लिंक रोडच्या बाजारात उमेदीची वर्षं गेलेली. त्यांनी तीन अँगल एकत्र बांधून तिकाटणं उभं केलं, त्याला हुकाचा काटा टांगला आणि भाव सांगितला: अँगल 27 रुपये किलो, तार त्याहून कमी, बीड म्हणजे ओतीव लोखंड वेगळं, आणि अँगलवर शंभराला पाच किलो गंजाची घट.

अण्णाचा पारा चढला. "माती झाडून दिलीय चाचा, अजून कसली घट?"

चाचांनी वाद घातला नाही. एक अँगल उचलून ताणाच्या दगडावर दोनदा आपटला. पडलेली भुकटी चपलेने अण्णाच्या बाजूला सारली. "ही तुमची भाऊ. ठेवून घ्या."

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. घरातली शिकलेली बहीण अशा वेळेसाठीच असते. मी म्हटलं, "पाच जास्त होतात चाचा. गंज बुडाशीच आहे, वरचं लोखंड जाड आहे. तीन धरा." त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, "ताई कंपनीत होत्या वाटतं," म्हणाले, आणि सौदा चारावर ठरला.

खरी गंमत पुढे झाली. अण्णाने तारेचे गठ्ठे आधीच बांधून ठेवले होते आणि वजन वाढावं म्हणून एका गठ्ठ्याच्या पोटात जळालेल्या पंपाची मोटर सारली होती. हे काही तो एकटा करत नाही. गठ्ठ्यात दगड, पत्र्याच्या घडीत माती, पिंपात सिमेंटचा गोळा, असलं सगळं आम्ही गेटवर पाहिलेलं आहे. चाचांनी गठ्ठा हातात तोलला, खाली टाकला आणि पक्कड घेऊन सोडवायला बसले. मोटर निघाली. छिन्नीने तिचं वाइंडिंग कापून त्यांनी एका पिशवीत टाकलं, स्टॅम्पिंग, म्हणजे आतल्या लोखंडी चकत्या, वेगळ्या ढिगात गेलं. फवारणीच्या ब्लोअरच्या पितळी नोझलांना चुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही तसं तेही पिशवीत. जस्ताची तार एकीकडे, साधी तार दुसरीकडे. उन्हात पाऊण दुपार हे चाललं होतं. वहिनीने दोनदा चहा दिला.

"बघ, तांबं कसं बरोबर काढून घेतलं म्हाताऱ्याने," अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाला. मोटरचं वजन लोखंडाच्या भावात धरलं होतं, त्याचं त्याला वाईट वाटत होतं. त्याचं चूक नव्हतं. पण मला त्या पिशवीत दुसरंच दिसत होतं. ती मोटर गठ्ठ्यात तशीच राहिली असती तर गठ्ठा ट्रकने जालन्याला गेला असता. नाशिकचं पुष्कळ भंगार तिकडच्या भट्ट्यांमध्ये सळई व्हायला जातं. आणि तांबं भट्टीतून निघत नाही. रसात ऑक्सिजन सोडला तरी तो आधी लोखंडाला धरतो, तांब्याला शिवत नाही. लाट्या, म्हणजे पोलादाचे ओतलेले लांब ठोकळे, लाल करून रोलिंगला घेतल्या की पृष्ठभागावरचं लोखंड जळून खपली होतं, तांबं मागे उरतं, साचत जातं, 1085 अंशांना वितळतं आणि पोलादाच्या कणांमधल्या फटींत शिरतं. रोलखाली लाटी गेली की अंगावर भेगा. गंजाची घट एकदा सोसली की सुटलो. तांबं एकदा शिरलं की ते त्या लोखंडाच्या पुढच्या सगळ्या जन्मांत सोबत राहतं, आणि प्रत्येक जन्मात थोडं आणखी येऊन मिळतं.

तांबं वाईट असं माझं म्हणणं नाही. आमच्याच फाउंड्रीत काही ग्रेडच्या कास्टिंगला ताकद यावी म्हणून आम्ही वजन करून तांबं टाकायचो, तेही चांगलं विकत घेऊन. पण त्याच भट्टीत दुसऱ्या पाळीला मऊ, वाकणारं कास्टिंग काढायचं असलं आणि भंगारातून नकळत तांबं आलं, की अख्खी हीट, म्हणजे भट्टीभर रस, बाजूला. मग मेल्टर, भंगार खातं आणि आम्ही लॅबवाले, तिघांत कोणाच्या माथी खापर फोडायचं यावर संध्याकाळ जायची.

म्हणून मला चाचांच्या लोभाचं कौतुक वाटतं. तांब्याला लोखंडाच्या कित्येक पट भाव आहे, म्हणून ते उन्हात बसून छिन्नी चालवतात आणि त्या छिन्नीमुळे कुठल्यातरी मिलमधली सळई तडकत नाही. पोलाद शुद्ध ठेवायचं काम कागदोपत्री कोणाचंच नाही. ते होतं तांब्याच्या भावाने. भीती वाटते ती जिथे तांबं कवडीइतकं आणि अडचणीत बसलेलं असतं तिथली. आजच्या गाडीत आरशाला मोटर, काचेला मोटर, सीटला मोटर. 2021 मध्ये केंद्राचं वाहन मोडीत काढायचं धोरण आलं, 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द झाली. गाड्या मोडीत जाणार हे बरंच आहे. पण दाराच्या पत्र्याआडून अंगठ्याएवढी मोटर उपसून काढायला कोण बसणार, हा प्रश्न मला धोरणापेक्षा मोठा वाटतो.

बसणारी माणसं होती, त्यांचं आपण काय केलं तेही सांगायला हवं. अंबड लिंक रोडला चुंचाळे शिवारात भंगाराची शेकडो दुकानं होती. 2017 च्या जानेवारीत महापालिकेने मोठा बंदोबस्त लावून ती पाडली. अनधिकृत होती, हे खरं. तिथे आगी लागायच्या, टायर जळाले की सातपूर-सिडकोपर्यंत धूर यायचा, गाळ्यांत चोरीचा माल फिरतो अशी कुजबुज कायम असायची. शेजारी राहणाऱ्याने तो बाजार का सोसावा? पण सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून रोज निघणारा बोरिंगचा भुगा, पंचिंगच्या चकत्या, जुनी यंत्रं आणि शहरभरच्या पलंग-कूलर-सायकली यांना कुठेतरी थांबावं लागतं, तिथे कोणीतरी ते वेगळं करावं लागतं. जागा न देता बाजार पाडला की तो नाहीसा होत नाही. तो पुन्हा उभा राहिला, पुन्हा पाडापाडी झाली. कचरा वेगळा करा म्हणून घरोघरी सांगणाऱ्या शहराने वेगळं करणाऱ्यांनाच दर काही वर्षांनी उठवावं, हे माझ्या गळी उतरत नाही. तिथल्या बायका मी पाहिल्या आहेत. हातात साधे कापडी मोजे, नाकावर पदर, समोर मिसळ ढीग. चुंबकाला चिकटत नसलेल्या स्टेनलेसच्या तुकड्यांतही त्या नुसत्या वजनावरून आणि आवाजावरून फरक करतात. माझं स्पेक्ट्रो लाखो रुपयांचं होतं आणि त्याला आधी नमुना घासून लागायचा.

या कामातली जोखीमही साधी नाही. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी बाजारात एका विद्यापीठाने विकलेल्या जुन्या उपकरणात कोबाल्ट-60 निघालं. तोडणाऱ्यांना किरणोत्साराची बाधा झाली, एक जण दगावला. त्याच्यासाठी ते नुसतं जड लोखंड होतं.

सगळंच भंगार भट्टीत जात नाही, हेही लोक विसरतात. रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी ट्रकच्या कमानीचे मोडके पाटे शोधून नेतात. वरून कितीही गंजलेलं असो, आत स्प्रिंगचं पोलाद असतं. तापवायचं, बाईने घण मारायचा, पुरुषाने सांडशीने फिरवायचं, शेवटी पाणी द्यायचं. आमच्या घरचा कोयता असाच झालेला आहे. भट्टीची वीज नाही, स्लॅग नाही, घट नावाला. माझ्या हिशेबाने भंगाराचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही.

चाचांच्या ढिगात आजोबांच्या वेळचा लोखंडी नांगरही होता, फाळ झिजून निम्मा राहिलेला. लोखंडी नांगराची गोष्ट आली की मला शाहू महाराज आठवतात. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, किर्लोस्करांचे नांगर अडले, तेव्हा महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला देऊन टाकल्या. बुरुजावर गंजत पडलेली तोफ शेतात गेली. आज कोणी असं करायला निघालं तर केवढा गहजब होईल! वहिनीला नांगर विकायचा नव्हता. चाचाही म्हणाले, "हा वितळवायला नाही नेणार. गंगापूर धरणाकडचे रिसॉर्टवाले घेतात, गंजासकट. उलट रंग देऊ नका म्हणतात." तिकडे गंजाची घट नाही, गंजाचाच भाव. वहिनीने हे ऐकलं आणि नांगर ओढून पडवीत ठेवला.

पावसाळा उतरताना अण्णाचा फोन आला, आवाज तापलेला. गिरणारेकडे एका पाहुण्याच्या टोमॅटोच्या प्लॉटवर तो गेला होता आणि तिथे त्याला आमचेच अँगल उभे दिसले. तेलरंग ओळखीचा, भोकांमधलं अंतर ओळखीचं. चाचांनी बुडाचा गंजका पट्टा कटरने उडवला होता, वरचे चांगले तुकडे सरळ करून विकले होते. द्राक्षाला आखूड, टोमॅटोला नेमके.

"कितीला घेतले विचारलं मी. 41 रुपये किलो! आपल्याकडून 27 ने, वर चार किलो घट कापून!"

मी म्हटलं, त्यांनी कापले, ठोकून सरळ केले, गिऱ्हाईक शोधलं, गाडीभाडं भरलं. त्यात भट्टीचा खर्चही वाचला.

"ते मला नको सांगू. पुढची बाग काढीन तेव्हा कटर मीच भाड्याने आणणार."

मागून वहिनीचा आवाज आला, "आणा की. आणि ती कापलेली गंजकी टोकं कोणाच्या अंगणात ठेवणार तेही आत्ताच सांगा."

अण्णा जरा वेळ काही बोलला नाही. मग मला विचारलं, "चाचांचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"